गीझरचे वय

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. वडगाव निंबाळकरला आमच्या घराच्या ओट्यावर आम्ही सकाळचे ऊन खात बसलो होतो. तेवढ्यात मळ्यातले तात्या आले. टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले,

"गुरुजी, एक इचारायचं हुतं. आमचा गिझर खालनं गळाय लागलाय. दुरुस्त करावा का नवा आनावा?"

"किती वर्षे झाली त्याला?" आम्ही विचारले.

"नऊ झाली आसत्याल. धाकटीच्या लग्नाच्या आदल्या साली घेतला. पर मला एक कळंना. आमच्या आजीचा बंब अजून परड्यात हाय. तीन पिढ्या त्यात पानी तापलं. आन् ह्यो एवढा म्हागामोलाचा गिझर नऊ वर्सांत मरतो म्हंजे काय?"

तात्यांचा प्रश्न आम्हांला आवडला. तो पुष्कळांच्या मनात असतो, पण विचारीत कोणी नाही. गीझर गळू लागला की आपण मिस्त्रीला बोलावतो. तो सांगेल तेवढे पैसे देतो आणि गप्प बसतो. म्हणून ह्या पाठात आपण तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधू.

आधी बंब पाहू.

बंब म्हणजे तांब्याचे मोठे पिंप. मधोमध उभी नळी. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी. जाळीवर बाभळीच्या ढलप्या, शेणी, तुराट्या, कणसांची बुरकुंडे घालायची आणि पेटवायचे. धूर नळीतून वर जातो. नळीभोवती पाणी असते, ते तापते. तोटीने गरम पाणी काढायचे आणि वरून तेवढेच गार ओतायचे. आमच्या लहानपणी बंब पेटवणे हे घरातल्या पोरांचे काम असे. फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे आणि शाळेत गेल्यावर अंगाला धुराचा वास यायचा.

हा बंब एवढा का टिकतो? एक तर तो तांब्याचा. लोखंड गंजते तेव्हा गंजाचे पोपडे सुटतात. पोपडा पडला की खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते आणि पुन्हा गंजते. तांब्याचे तसे नाही. तांब्यावर काळसर हिरवट थर बसतो, तो घट्ट असतो. खालच्या तांब्याला तो पांघरुणासारखा झाकून ठेवतो. दुसरे असे की बंबात दाब नसतो. पाणी तापले की फुगते, वाफ होते, ती वरच्या झाकणातून सहज निघून जाते. आणि तिसरी गोष्ट, बंब दुरुस्त होतो. पुण्याला कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके घालून भांडी घडवतात. त्या कामाला मठारकाम म्हणतात. अशा कारागिराकडे बंब नेला की झिजलेली जाळी बदलून मिळे. आगीने पातळ झालेली नळी नवी बसे. गळक्या तोटीला डाग दिला जाई.

तेव्हा तात्यांच्या आजीचा बंब तीन पिढ्या टिकला हे खरे. पण त्यातले किती भाग आजीच्या वेळचे उरले आहेत, हे तात्यांनी कधी मोजले नव्हते!

आता गीझर उघडून पाहू. खरोखर उघडू नका बरे का, ते मिस्त्रीचे काम आहे. आपण मनाने उघडू.

बाहेर दिसते ते नुसते कवच. त्याच्या आत पाण्याची बंद टाकी असते. कवच आणि टाकी यांच्यामध्ये फेसासारखा भराव असतो. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. टाकीत एक तापणारी कांडी असते. मिस्त्री तिला एलिमेंट किंवा कॉइल म्हणतात. पाणी पुरेसे तापले की वीज बंद करणारा एक भाग असतो, तो थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारा दुसरा राखणदार असतो, तो कटआउट. आणि दोघेही बिघडले तर चढलेला दाब बाहेर सोडणारा तिसरा राखणदार असतो. तो म्हणजे गार पाण्याच्या नळीवर बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह. ह्या तिघांची नावे ध्यानात ठेवा. पुढे लागतील.

कांडी बदलता येते. थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह हेही बदलता येतात. टाकी मात्र बदलून मिळणे कठीण, आणि मिळाली तरी परवडत नाही. म्हणून टाकीचे जे वय तेच गीझरचे वय समजावे.

टाकीला मारतो कोण? पाणी.

आपल्या भागात दोन तऱ्हेचे पाणी आहे. एक नीरा डाव्या कालव्याचे. ते वीर आणि भाटघर धरणांतून येते. भाटघरचे धरण १९२७ साली पुरे झाले. त्या धरणांत सह्याद्रीच्या डोंगरातले पावसाचे पाणी साठते. ते हलके असते. दुसरे पाणी विहिरीचे आणि बोअरचे. ते जमिनीतून मुरून येते आणि येताना चुना व क्षार बरोबर आणते. कालव्याच्या टापूत वर्षानुवर्षे उसाला भरपूर पाणी दिले गेले. जिथे निचरा नव्हता तिथे खालचे क्षार वर आले, जमिनी चोपण झाल्या, विहिरींचे पाणी मचूळ झाले. हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! ज्याच्या रानात पांढरे फुटले आहे त्याला ते माहीत आहे.

आपले पाणी जड आहे की हलके, हे कसे ओळखाल? साबण लावून पाहा. जड पाण्यात फेस लवकर होत नाही. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरे पुट बसते, ते नखाने निघत नाही. पुष्कळ घरी प्यायला एक पाणी आणि न्हाणीला बोअरचे पाणी अशी सोय असते. म्हणजे जड पाणी नेमके गीझरला मिळते.

पाण्यात विरघळलेला चुना गार पाण्यात गुपचूप असतो. पाणी तापले की तो वेगळा होतो आणि चुनखडीसारखा घट्ट बसतो. आधी बसतो तो कांडीवर, कारण सर्वांत गरम तीच. कांडीवर पुट चढले की तिची उष्णता पाण्यात नीट जात नाही. ती आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस जळून जाते. काही पुट सुटून टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसते. मग गीझर चालू केला की आतून खदखद, तडतड असा आवाज येतो. तो आवाज आला की टाकी आणि कांडी धुवायची वेळ झाली असे समजावे.

पाणी जितके जास्त गरम, तितका चुना जास्त बसतो. म्हणून गीझरची कळ कडेपर्यंत फिरवू नये. ६० अंशांच्या आत ठेवावी. ६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत माणसाची कातडी भाजते, आणि लहान मुलाची त्याहून लवकर. आंघोळीला तेवढे कढत पाणी लागतेच कोणाला?

टाकी वाचवण्यासाठी तिच्या आत आणखी एक गंमतीची वस्तू बसवतात. ती मॅग्नेशियम नावाच्या धातूची कांडी. ही तापत नाही. हिचे काम एकच, टाकीच्या ऐवजी आपण झिजायचे. पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडून ठेवले, तर त्यांतला एक आधी खराब होतो आणि दुसरा वाचतो. ही युक्ती इंग्लंडातले शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली दाखवली. त्या काळी लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकीत असत आणि समुद्राचे खारे पाणी तो खाऊन टाकी. डेव्हींनी त्या तांब्याला लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. (पुढे त्या वाचलेल्या तांब्यावर शिंपले आणि शेवाळ फार चिकटू लागले, जहाजे मंद चालू लागली. ती वेगळीच कथा.) जहाजाची ती युक्ती आज आपल्या न्हाणीघरात आहे, आणि बहुतेकांना तिचा पत्ता नाही.

ही मॅग्नेशियमची कांडी संपली की पाणी टाकी खाऊ लागते. जड आणि खारे पाणी असेल तर ही कांडी दर वर्षी काढून पाहावी. पाणी चांगले असेल तर दोन वर्षांनी चालेल. पेन्सिलीसारखी बारीक झाली असेल, आतली तार दिसू लागली असेल, तर नवी घालावी. गीझरच्या मानाने ही वस्तू फार स्वस्त असते.

आता वर्षांचा हिशोब. पाणी बरे आणि निगा बरी, तर गीझर साधारण ८ ते १२ वर्षे चालतो. बोअरचे जड पाणी आणि निगा अजिबात नाही, तर पाच-सहा वर्षांतही टाकी जाते. आठ वर्षे उलटली की गीझर म्हातारा झाला असे धरून चालावे आणि त्याच्यावर नजर ठेवावी.

नजर कशी ठेवू नये, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्या घरचा पंधरा लिटरचा गीझर अकरा वर्षांचा झाला होता. मधून मधून कटआउट पडे आणि पाणी गारच राही. एका मिस्त्रीने तो कटआउट काढला आणि तार थेट जोडून दिली. "आता परत पडायचा नाही," तो म्हणाला. आम्ही खूश झालो. पुढे सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडू लागले. उभा जन्म आम्ही पोरांना पाणी वाया घालवू नका म्हणून सांगितले. ते थेंब आम्हांला बघवेनात. आम्ही लाकडाची खुट्टी तासली, तिला चिंधी गुंडाळली आणि व्हॉल्व्हच्या तोंडात ठोकून बसवली. थेंब थांबले. सूनबाईला आम्ही आमची कारागिरी दाखवलीसुद्धा.

ते थेंब का पडत होते, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटर गार पाणी ६० अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे पाव लिटर वाढते. व्हॉल्व्ह त्याला गार पाण्याच्या नळीत मागे जाऊ देत नाही. मग जादा झालेले पाणी व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंबाथेंबाने बाहेर पडते. तापताना थोडे थेंब पडणे म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत असल्याची खूण. थंड असतानाही धार लागली, तरच तो बिघडला.

पुढे मार्गशीर्षातल्या एका पहाटे थर्मोस्टॅट चिकटला. म्हणजे पाणी तापले तरी वीज बंद होईना. दुसरा राखणदार मिस्त्रीने काढलेला. तिसऱ्याच्या तोंडात आमची खुट्टी. सूनबाई नातीला आंघोळीला घेऊन गेली. गीझरमधून घरघर आवाज येत होता. तिने नळ जरासा सोडला, तर फुसफुस करीत वाफ आली. ती ओरडली, "आबा, नळाला वाफ येतीया!" आम्ही म्हणालो, "येऊ दे, पाणी चांगले तापले असेल." तिने आमचे ऐकले नाही. पोरीला उचलून बाहेर आणले, मोठा स्विच खाली ओढला, न्हाणीचे दार लोटले आणि सगळ्यांना अंगणात काढले.

दोन तास कोणी आत गेले नाही. दुसरा मिस्त्री आला. त्याने सगळे गार झाल्यावर खुट्टी काढली आणि काही न बोलता आमच्या हातात ठेवली. मग समजावून सांगितले. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना उकळते. बंद टाकीत दाब चढत जातो, म्हणून ते १००च्या वर तापले तरी पाणीच राहते. अशी टाकी फाटली की दाब एकदम जातो आणि त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ! भिंती फुटतात. नात तेव्हा चार वर्षांची होती.

गीझर गळत नव्हता. तरी आम्ही तो त्याच दिवशी उतरवला. ज्या टाकीने एवढा ताण सोसला, तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा नव्हता. त्या पहाटेनंतर आम्हांला हा सगळा विषय शिकावा लागला. तात्या आमच्याकडे विचारायला येतात ते त्यामुळेच.

तर तात्यांच्या गीझरकडे वळू. आम्ही त्यांच्याबरोबर मळ्यात गेलो. आधी मोठा स्विच बंद केला. गीझर कोरड्या फडक्याने पुसला. दोन्ही नळ्यांच्या जोडांना आणि व्हॉल्व्हला कोरड्या चिंध्या बांधल्या. खाली वर्तमानपत्र पसरले आणि चहा घ्यायला बसलो. तासाभराने पाहिले. चिंध्या कोरड्या होत्या. कागदावर मात्र तांबूस डाग पडला होता, आणि थेंब कवचाच्या तळातून येत होता.

"तात्या," आम्ही म्हटले, "जोड गळला असता तर थोड्या खर्चात काम झाले असते. हा तर पोटातून गळतो. पाणी तांबूस आहे, म्हणजे टाकी आतून गंजून फुटली."

"डाग देऊन चालायचा न्हाई? बंबाला देत्यात की!"

"बंबात दाब नसतो. ह्या टाकीत असतो. शिवाय एका जागी भोक पडले, म्हणजे आजूबाजूचा पत्राही तेवढाच पातळ झालेला असणार. आणि पाणी ठिबकते ते विजेच्या तारांवर."

तात्या जरा वेळ गप्प बसले. ऊस कारखान्याला गेला होता, पण पैसे अजून हातात यायचे होते. "मंग संक्रांतीपत्तुर तसाच वापरला तर?" त्यांनी विचारले. आम्ही साफ नाही म्हटले. तोवर परड्यातला बंब काढा, असे सांगितले. तात्यांच्या मंडळींनी तो चिंचेने घासून लख्ख केला. बंब उघड्यावरच पेटवायचा, बंद न्हाणीत नाही. का, ते पुढे येईल.

टाकी गळाली म्हणजे गीझर बदलायचा, हे आता कळले. आणखी केव्हा बदलावा? पाणी सोडताना हाताला मुंग्या आल्या, झिणझिणी आली, तर त्याच क्षणी वापर थांबवावा. कांडी फुटून वीज पाण्यात उतरत असेल, किंवा अर्थिंग नसेल. गीझर नवा असेल तर कांडी आणि अर्थिंग दुरुस्त करून भागते. आठ-नऊ वर्षांचा असेल तर जुन्यावर खर्च करू नये. गरम नळाचे पाणी तांबूस येते आणि गार नळाचे स्वच्छ, तर टाकी आतून खाल्ली जात आहे. आठ वर्षांनंतर एकाच हिवाळ्यात दोनदा मिस्त्री बोलवावा लागला, तरी नव्याचा विचार करावा. पण तीन-चार वर्षांच्या गीझरची कांडी जळाली म्हणून कोणी नवा घ्या म्हणाला, तर त्याचे ऐकू नका. त्याला नवा विकायचा आहे.

अर्थिंगचे राहिले. तीन पायांच्या पिनेचा जाड पाय कापून दोन भोकांत बसवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तो पायच जीव वाचवतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा असतो. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतीत जावे. शिवाय विजेची गळती झाली की झटकन वीज तोडणारा एक स्विच मिळतो. दुकानात आरसीसीबी म्हणून मागावा, ३० मिलिअँपिअरचा.

बादलीत सोडायच्या हीटरच्या कांडीला टाकी नाही, म्हणून तिचे वय वर्षांनी मोजू नये. कांडीला तडा दिसला, वायर सैल झाली, की ती टाकून द्यावी. स्विच बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. गॅसच्या गीझरला हवा लागते. दारे-खिडक्या बंद असतील तर जळण अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करता करता माणूस बेशुद्ध होतो. आपल्या महाराष्ट्रात अशी माणसे गेली आहेत. म्हणून तो न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आणि त्याची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. बंबही बंद जागी हाच वायू सोडतो. छपरावरचा सूर्याचा बंब, म्हणजे सोलर, पाणी हलके असेल तर पंधरा-वीस वर्षे चालतो. जड पाण्याने त्याच्याही नळ्यांत चुना बसतो. काचेच्या नळ्या भर उन्हात रिकाम्या तापल्या असतील तर त्यांत गार पाणी सोडू नये, त्या तडकतात.

तात्यांनी संक्रांतीनंतर बारामतीहून नवा गीझर आणला. आम्ही बरोबर होतो. गीझरवर एक लहान पत्रा असतो. त्यावर किती लिटर, किती वॅट, कोणत्या साली केला, हे छापलेले असते. ते तात्यांनी स्वतः वाचले. आयएसआयची खूण पाहिली. मॅग्नेशियमची कांडी आत आहे ना, हे दुकानदाराला विचारले. आमच्या पाण्याला कोणती टाकी चालेल, हेही विचारले आणि हमीच्या कागदावर टाकीची वर्षे किती आणि बाकीच्या भागांची किती, हे दोन्ही आकडे वाचून मगच पैसे दिले. टाकीची हमी निराळी आणि जास्त वर्षांची असते.

मिस्त्रीने गीझर बसवला तेव्हा व्हॉल्व्हच्या तोंडाला एक बारीक नळी लावून ती मोरीत सोडली. थेंब आता मोरीत पडतात. व्हॉल्व्हची लहान कळ महिन्या-दोन महिन्यांनी गार पाण्यावर एकदा उचलून पाहावी, पाणी आले म्हणजे तोंड मोकळे आहे.

सगळे झाल्यावर तात्यांनी रंगाची डबी आणली आणि न्हाणीच्या दाराच्या आतल्या बाजूला काडीने लिहिले. अक्षर थोडे वाकडे आले, पण वाचता येते. वर बसवल्याची तारीख. खाली, 'मॅग्नेशियम पहाणे – दर दिवाळी'. त्याखाली पाच रिकाम्या ओळी सोडल्या आहेत, दर वर्षीची खूण करायला. परड्यातला बंब त्यांनी विकला नाही.